भेकरवाडीचा हिरवा डोंगर

शेवटचं वळण घेतलं आणि दस्तगीरने जीप थांबवली.

"बाई, रस्ता चुकलो का आपण?"

मी खिडकीतून मान बाहेर काढली. रस्ता चुकलेला नव्हता. समोर भैरोबाचं देऊळ होतं, शेजारी शाळेच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्यावर उताराला धरून बसलेली भेकरवाडीची घरंही होती. फक्त वाडीमागचा गोमाईचा डोंगर हिरवा झाला होता.

चैत्र सरत आलेला. पाटणच्या पुढचे सगळे डोंगर भाजून निघाले होते, कुठे गवताची काडी म्हणून दिसत नव्हती. महिन्यापूर्वी मी इथे आले तेव्हा वणव्याने हाही काळाठिक्कर पडला होता. त्यावर पाय ठेवला की राख उडायची. आणि आज बघावं तर पायथ्यापासून थेट खांद्यापर्यंत झाडंच झाडं.

मागच्या सीटवर बसलेल्या हर्डीकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"शेटेबाई, तुम्ही म्हणत होता तो उजाड डोंगर कुठला?"

"हाच, साहेब."

"हा?"

साहेब सभ्य गृहस्थ. पण त्या एका 'हा'मध्ये जे काही होतं ते पुरेसं होतं. या डोंगरासाठी मी त्यांच्या मागे महिनाभर भुणभुण लावली होती. त्यांचा गुडघा दुखत होता तरी त्यांना एवढ्या घाटातून ओढून आणलं होतं. मला काही कळेना. देवाने मनावर घेतलं म्हणावं, तर त्यालाही इतकी घाई कधी नसते.

आमचं काम सांगायला सोपं होतं. तालुक्यातल्या सगळ्या डोंगरांचा नकाशा करायचा आणि जंगल पुन्हा उभं करायची गरज कुठे किती आहे ते रंगवायचं. लाल म्हणजे तातडीची गरज. पिवळा म्हणजे चराई आणि वणवा थांबवला तर आपोआप सावरेल. हिरवा म्हणजे इथे काही करायला नको. उपग्रहाचे फोटो कचेरीत संगणकावर होतेच, पण त्यांच्यावर सगळं सोडून चालत नसे. साग उन्हाळ्यात पानं गाळतो, तर फोटोत ते रान उजाड दिसायचं. उलट घाणेरीची झुडपं माजलेली टेकडी घनदाट जंगल म्हणून मिरवायची. म्हणून जिथे शंका असेल तिथे साहेबांनी स्वतः जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि गावाच्या सभेत नोंद करायची. ती नोंद अखेरची. तिच्यापुढे मग उपग्रहाचंसुद्धा काही चालत नसे.

भेकरवाडीबद्दल मला मात्र शंका नव्हती. फाल्गुनात मी पाहणीला आले तेव्हा शेवंताक्काने मला हाताला धरून आपल्या घरामागे नेलं होतं. तिचं घर वाडीतलं सगळ्यात वरचं, डोंगराला पाठ लावून बसलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एक म्हैस, दोन शेळ्या आणि ते घर, एवढाच तिचा पसारा. मागल्या दारी नवऱ्याने लावलेली करंज-जांभळांची दाट रांग होती. त्या झाडांच्या वर डोंगराला आडवी भेग गेली होती. माझा अख्खा हात तिच्यात गेला.

"गेल्या पावसात चिखल पार चुलीपातूर आला," आक्का म्हणाली. "झाडांनी अडवला म्हनून मी हाय. औंदा काय व्हईल?"

"डोंगर लाल रंगात आला ना आक्का, तर पावसाआधी वर दगडी बांध घालून देतील. मग चर, मग झाडं."

"आन न्हाई आला तर?"

"येईल. न यायला काय झालं?"

निघताना देवळापुढे वाडी जमली होती. मी सगळ्यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, की साहेब येतील, डोंगर बघतील, तुम्ही काहीही करू नका, आहे तसा राहू द्या. केराबा गुरुजींनी हात जोडून म्हटलं होतं, "बाई, तुम्ही निर्धास्त या." मी निर्धास्त झाले.

आता गुरुजी कमानीखाली उभे होते. हो, कमानसुद्धा होती. केळीचे खांब, आंब्याची पानं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना आणि गेरू. हलगी वाजू लागली. बायकांनी साहेबांना ओवाळलं, दस्तगीरला ओवाळलं, मला कुंकू लावताना एकीने हळूच चिमटा काढला. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते तरी वाडी अजून त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. पांढरी टोपी, परीटघडीचा सदरा. त्यांनी साहेबांना देवळाच्या ओवरीत बसवलं आणि भिंतीवरच्या ढाली दाखवल्या. स्वच्छ वाडीची ढाल, दारूबंदीची ढाल, सुंदर शाळेची ढाल.

"साहेब, आजवर इतक्या समित्या आल्या, पण भेकरवाडीनं कुणापुढं मान खाली घातली नाही."

"दिसतंय," साहेब म्हणाले. ते वर डोंगराकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. या माणसाने नोकरीभर उघडे डोंगर मोजले होते. लोकांनी आपण होऊन डोंगर झाकलाय, असं दृश्य त्यांच्या वाट्याला कधी आलं नसावं. त्यांचा गुडघा डोंगर चढू देणार नव्हता. ताकाचा पेला हातात घेऊन ते म्हणाले, "शेटेबाई, तुम्ही वर जाऊन या. मी इथून बघतो."

मी चढू लागले. शेवंताक्का पदर खोचून पुढे झाली. ती सारखी मागे वळून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

लांबून जी झाडं वाटली, ती जवळ गेल्यावर कमरेएवढी निघाली. पानांच्या कडा आत वळल्या होत्या. सगळीकडे, कापलेला पाला उन्हात पडला की येतो तसा वास सुटला होता. मी एकाला हात घातला. ते सहज वर आलं. खाली मूळ नव्हतं, कोयत्याचा तिरपा घाव होता.

दुसरं ओढलं. तिसरं ओढलं.

"अवं, उपटू नगा की! पुन्ना खोचायचं म्हंजे ताप," आक्का म्हणाली आणि मग तिला राहवलं नाही, ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. "लांबनं कशी दिसत्यात? खरं सांगा. सडकंवरनं कशी दिसत्यात?"

"आक्का, हे काय केलंत तुम्ही?"

"परवापास्नं समदी वाडी राबतीया. घरटी वळ वाटून दिली हुती गुर्जींनी. म्हाताऱ्या सुदिक आल्या. आन पानी घातलंय बुडाला."

"पाणी कशाला?"

"सायबानं हात लावला तर माती वली लागाय नको?"

मला रडावं की हसावं कळेना. त्या घावांकडे बघता बघता दुसरीच शंका आली.

"फांद्या आणल्या कुठून एवढ्या?"

तिने सहज खाली बोट दाखवलं. "वाडीनं थोड्या थोड्या दिल्या. जास्ती माजीच. आमच्याकडं झाडं हायतच कुटं दुसरी?"

वरून तिचं घर स्पष्ट दिसत होतं. घरामागची करंजांची रांग नव्हती. छाटून छाटून नुसते बुंधे ठेवले होते, काही तर मुळापासून तोडले होते. एका कोपऱ्यात एक जांभूळ तेवढं शिल्लक होतं. त्या रांगेच्या जागी आता उघडी माती होती आणि तिच्या वर ती भेग होती.

मी तिथेच राखेत बसले.

"मी सांगून गेले होते ना, काही करू नका म्हणून?"

"समदेच तसं म्हनत्यात बाई." आक्का माझ्या शेजारी टेकली. समजूत घालावी तशी बोलू लागली. "साळा तपासाय येतो त्यो बी म्हनतो, काय करू नगा. मंग पोराचं नख वाढल्यालं दिसलं की मास्तरला झापतो. दवाखान्याची बाई म्हनती, हाय तसं ऱ्हावा, आन न्हानीत चिखल दिसला की नाक मुरडती. आमी काय आज बगतोय व्हय?"

"इथे उलटं आहे, आक्का. डोंगर वाईट दिसला तरच लाल होणार. लाल झाला तरच बांध मिळणार. हिरवा दिसला की काही नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी माया होती आणि विश्वास मात्र रतीभर नव्हता.

"तुमी अजून ल्हान हायसा," ती म्हणाली.

मी उतरले ती जवळजवळ धावतच. गुरुजींना देवळामागे घेतलं आणि सांगितलं. ते मास्तर होते, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आधी त्यांची मान हलायची थांबली, मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या डोक्यावर घाम आला होता.

"म्हणजे ज्यासाठी केलं, तेच..."

"हो."

"तिची झाडं मीच तोडायला लावली बाई. ती म्हणाली, घ्या, डोंगर भरला पाहिजे." थोडा वेळ ते टोपी नुसती फिरवत राहिले. मग म्हणाले, "चला. साहेबांना मीच सांगतो."

त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. वाडीच्या ढाली ज्याच्या नावाने ओळखल्या जात, तो जीपच्या आडोशाला उभा राहून साहेबांना म्हणाला, "साहेब, ही झाडं नाहीत. फांद्या खोचल्यात."

हर्डीकर साहेबांनी डोळे मिटले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा फक्त दमलेला दिसला.

"गुरुजी, माझ्यापुढे दोनच वाटा आहेत. गावाने लागवड केली आहे असं लिहिलं, तर डोंगर आमच्या कामात बसत नाही. मागे एका ठिकाणी एकाच डोंगरावर दोनदा खर्च झाला, तेव्हापासून तसा नियम आहे. आणि गावाने खोटं दाखवलं असं लिहिलं, तर वाडी पाच वर्षं कशालाच पात्र राहत नाही. ना बांध, ना रस्ता, ना पाणी."

"आणि साहेब, तुम्ही डोळ्यांनी बघितलं ते?" मी म्हटलं. "डोंगर उजाड आहे हे?"

"मी काय बघितलं त्यावर सभेची सही लागते, बाई."

ओवरीतून हलगीवाल्याच्या हसण्याचा आवाज येत होता. साहेबांनी कमानीकडे पाहिलं, मग दगडांच्या चुन्याकडे, आणि एकदम त्यांचा आवाज बदलला.

"गुरुजी, पाहुणा आला की तुम्ही तोरण बांधता ना?"

"बांधतो की."

"मग डोंगरालाही तोरण बांधलंत. शोभेसाठी. पाहुण्यांच्या स्वागताला. लागवड नाही आणि फसवणूकही नाही. सभेत वाडीने एकमुखाने एवढं सांगायचं, की या फांद्या शोभेच्या आहेत. मी तसंच लिहितो आणि पुढे लिहितो, डोंगर उजाड."

मी भर रस्त्यात त्यांच्या पाया पडले असते. गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली. आम्ही तिघंही देवळाकडे गेलो ते हसत हसतच गेलो.

सभा भरली. पुरुष ओवरीत, बायका पायऱ्यांवर, म्हाताऱ्या गाभाऱ्याच्या कडेला. गुरुजी उभे राहिले. वर्गात बोलत तसे सरळ बोलले असते तर कदाचित निभावलं असतं. पण मन ओशाळलेलं असलं की माणूस फिरवून बोलतो. अतिथी म्हणजे देव इथून त्यांनी सुरुवात केली आणि तोरणावर यायला बराच वेळ लावला.

"...तर डोंगरावर जे आहे ते साहेबांच्या स्वागताचं आहे. शोभेचं. ती काही झाडं नव्हेत. बरोबर ना मंडळी?"

कोणी 'बरोबर' म्हटलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"गुर्जी, आसं काय बोलताय?" मागून कोणीतरी म्हणालं. "लावल्यात आमी झाडं."

"अरे, खरं बोला. खरं बोलण्यातच आपलं भलं आहे."

ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. खांबाला टेकलेला एक म्हातारा ताडकन उठला.

"मोजनीवाला बी ह्येच म्हनला हुता. खरं सांगा, कुनाला काय व्हनार न्हाई. आमी खरं सांगितलं आन खालची समदी भातखाचरं वनखात्याकडं गेली. तवा बी गुर्जी, तुमीच म्हनला हुता खरं बोला."

"गुर्जी फुटलं," एक बाई शेजारणीला म्हणाली. हळू बोलली, पण सगळ्यांनी ऐकलं.

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठले, समजावू लागले. लाल काय, हिरवा काय, बांध कसे मिळतील, सगळं सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. साहेबाबरोबर आलेली बाई साहेबाच्या बाजूनेच बोलणार, हे त्यांना ठाऊक होतं. मी जितकी तळमळून बोलत होते तितकी त्यांची खात्री पटत चालली होती, की यात काहीतरी डाव आहे.

तेवढ्यात शेवंताक्का उठली. ती सरळ गाभाऱ्यात गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या ओंजळीत बेलाची पानं आणि भंडारा होता. ओवरीत एकदम चिडीचूप झालं.

तिकडची रीत मला ठाऊक होती. भैरोबाच्या दारात कोणी बेलभंडारा उचलून बोललं, की तो शब्द शेवटचा. त्यावर वाडीतल्या कुणी, मग तो सख्खा भाऊ का असेना, उलट बोलायचं नाही. बोलला तर त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. जमिनीचे, लग्नाचे, चोरीचे किती तंटे त्या एका ओंजळीवर मिटले होते.

"आक्का, नको," मी म्हटलं.

"भैरोबाच्या म्होरं सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "त्या डोंगरावरचं एकूनएक झाड आमच्या हातानं मातीत लावल्यालं हाय. मी सोता लावलंय. आमी झाडं लावनारी मान्सं हाय, सायेब. आमाला बांध द्या."

तिने भंडारा कपाळाला लावला आणि साहेबांपुढे हात जोडले.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खाली बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आता ते बोलू शकत नव्हते आणि दुसरं कोणी बोलणार नव्हतं. म्हणून मी बोलले. मी काही त्या वाडीची नव्हते.

"साहेब, मी स्वतः वर जाऊन..."

"शेटेबाई," साहेब मध्येच म्हणाले. इतक्या हळू, की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसावं. "तुम्ही पुढचं बोललात आणि मी ते ऐकलं, तर मला फसवणूक असं लिहावं लागेल. ऐकू का?"

आयुष्यात असा प्रश्न मला कोणी त्याआधी विचारला नव्हता आणि नंतरही नाही. पाच वर्षं ना रस्ता, ना पाणी. नाहीतर आक्काच्या घराच्या वर बांध नाही. मी तोंड मिटलं आणि खाली बसले.

साहेबांनी 'गावाने लागवड केली आहे' असं लिहिलं. वाडीने सह्या केल्या, अंगठे उठवले. साहेबांचं अक्षर नेहमीसारखंच आलं होतं. हलगी पुन्हा वाजू लागली. आक्काने गर्दीतून वाट काढून माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"खोटं न्हाई बोलले हां मी," ती माझ्या कानाशी म्हणाली. "लावलंच की मातीत. मूळ हाय का न्हाई ते कुनी इचारलं?"

परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर दस्तगीर म्हणाला, "बाई, लोक किती चांगले होते ना?" साहेबांनी खिडकीची काच वर केली.

मी स्वस्थ बसले नाही, एवढंच सांगते. फेरतपासणीसाठी अर्ज केला, तर नकाशा बंद झाल्याचं उत्तर आलं. दुसऱ्या कुठल्या कामातून निदान आक्काच्या घराच्या वर दोन बांध घालून द्या म्हणून तालुक्याला हेलपाटे घातले. तिथल्या माणसाने नवा छापलेला नकाशा टेबलावर पसरला आणि भेकरवाडीवर बोट ठेवलं. "हे बघा, हिरवं आहे. तुमच्याच कचेरीचा नकाशा आहे ना?" नकाशा आमच्याच कचेरीचा होता. कोपऱ्यात बारीक अक्षरात माझंही नाव होतं.

ज्येष्ठात मी वाडीवर जाऊन आक्काला सांगून आले, की पाऊस लागला की घरात राहू नकोस. ती म्हणाली, "बांधाची मान्सं कवा येनार?" मी म्हटलं, येणार नाहीत. ती म्हणाली, "येतील. टाइम लागतोच." तिने मला भाकरी करून घातली.

डोंगर आषाढात आला, भर दुपारी. वाडीतली सगळी माणसं खाली लावणीला गेली होती म्हणून कुणाचा जीव गेला नाही. शेळ्या गेल्या. मला कळायला आठवडा गेला, आणि घाट सुरू व्हायला आणखी काही दिवस.

गेले तेव्हा पाऊस थांबला होता. आक्काच्या घराचं माजघर आणि पडवी चिखलात गडप झाली होती. त्या चिखलातून वाळक्या काटक्या सगळीकडे वर आल्या होत्या. आम्ही डोंगरावर बघितलं होतं ते जंगल होतं ते. पण चूल आणि गोठा उभा होता. कोपऱ्यातल्या जांभळाच्या बुंध्याला एक भला मोठा दगड येऊन थटला होता. त्याच्यामागे माती अडली होती आणि दोन्ही अंगांनी फुटून गेली होती. ते झाड नसतं तर तेवढंही राहिलं नसतं, हे बघणाऱ्याला सांगायला नको होतं.

आक्का त्याच झाडाला टेकून उभी होती. मला बघून रडली नाही. तिने माझा हात धरला.

"बाई, मी लबाडी केली," ती म्हणाली.

मला वाटलं, बेलभंडाऱ्याचं तिच्या मनाला लागलंय. "अगं, ते काही..."

"त्ये न्हवं. वाडीनं समदी झाडं मागितली हुती. समदी दिली, आन ह्ये ठेवलं. लगीन झालं त्या साली लावलं हुतं त्येनी. कोयता लावू दिना माजा जीव." तिने बुंध्यावर हात फिरवला. "त्येच्यापायी डोंगराचा वरचा खांदा मोकळा ऱ्हायला. तुमी बगितलं असंल. सायबाच्या नजरंत नेमकं त्येवडंच आलं. न्हाईतर बांध दिलं असतं की सायबानं."

मी तिला सांगितलं. याच झाडाने चूल वाचवली, म्हैस वाचवली. बाकीची झाडं असती तर घर वाचलं असतं. साहेबांनी डोंगर मोकळा दिसला म्हणून नाही, भरलेला दिसला म्हणून दिलं नाही. जितक्या सोप्या शब्दांत सांगता आलं तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. माझा आवाज चिरकला, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ती 'व्हय, व्हय' म्हणत माझी पाठ थोपटत राहिली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी नोकरी सोडली, हर्डीकर साहेब गेले, तो नकाशाही जुना झाला. मी खूप माणसांना खूप गोष्टी समजावल्या, पण त्या दिवशी जेवढी हरले तेवढी पुन्हा कधी हरले नाही.

मी शांत झाल्यावर आक्काने पदराने माझं तोंड पुसलं. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"परत समिती येनार असंल तर मला आदी सांगा. ह्ये बी देते."